बोटाला ९८ दाखवतं, मग आतड्याला ऑक्सिजन कमी कसा?

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या कंग्राळीची. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा ७१ वर्षांचे. उद्यमबागेत फौंड्रीत ३४ वर्षं काढलेला माणूस. गेल्या दिवाळीपासून जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागले. आधी आम्ही ते वयावर ढकललं, मग मूळव्याधीवर. मूळव्याध त्यांना तरुणपणापासून, त्यामुळे संडासात कधी रक्त दिसलं तरी घरात कुणी दचकत नसे. गणपतीला बहीण आली, तिने त्यांची खालची पापणी ओढून बघितली. आतली कड कागदासारखी पांढरी. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.८.

दोन पिशव्या रक्त चढवलं. तोंडातून केलेली दुर्बीण स्वच्छ निघाली. पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण, फुकट गेली (ते नंतर लिहिते), दुसरीत मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, सीकममध्ये, दोन डाग सापडले. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवले. गुलाबी ओल्या अस्तरावर टिकलीएवढा लालभडक ठिपका आणि त्यातून चहूकडे गेलेल्या केसाएवढ्या लाल रेघा. कुंकवाचं बोट ओल्या कापडाला लागावं आणि रंग धाग्याधाग्याने पसरावा, तसं. नाव सांगितलं अँजिओडिस्प्लेसिया. रक्तवाहिन्यांची रचनाच बिघडलेली, भिंत नाजूक, थोडं थोडं रक्त झिरपत राहतं. तिथल्या तिथे आर्गॉन प्लाझ्मा, म्हणजे आर्गॉन वायूतून विजेचा झोत, देऊन ते डाग भाजून टाकले.

माझा प्रश्न यापुढचा. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षं ऑक्सिजन कमी पडत राहिला तर अशा वाहिन्या नव्याने उगवतात, असं एक मत आहे. बाहेरच्या देशात कोलोनोस्कोपी करतानाच आतड्याचा ऑक्सिजन मोजून हे तपासायचा अभ्यास करतात." बाहेर रांग होती, पुढे विचारता आलं नाही. पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाही. हिमोग्लोबिन ६.८ असतानासुद्धा अण्णांच्या बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ९८ दाखवत होतं. आम्ही कोविडपासून त्या आकड्यावर विसंबलेली माणसं. मग आतड्याला कमी कसा पडेल? आणि आतड्यात ऑक्सिजन मोजतात तरी कसा?

निपाणीचे_गुरुजी

ताई, प्रश्न उत्तम आहे. निम्मं उत्तर मी देतो, आतड्याचं कुणी जाणकार देईल.

ऑक्सिमीटर टक्के सांगतं, माल सांगत नाही. आपल्याकडे हंगामात कारखान्याकडे उसाच्या गाड्या जातात ना, तसं समजा. १०० गाड्यांपैकी ९८ भरलेल्या असतील तर आकडा ९८. पण उद्या गावात ५० गाड्याच उरल्या आणि त्यातल्या ४९ भरलेल्या असल्या तरी आकडा ९८च. हिमोग्लोबिन म्हणजे गाड्या. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १९ मिलिलिटर ऑक्सिजन. तुमच्या वडिलांच्या ६.८ ला नऊच्या आसपास. बोटाचा आकडा दोन्ही वेळा ९८!

दुसरी गोष्ट. बोटावरचं यंत्र फक्त धमनीतलं, म्हणजे ठोक्यासरशी उसळणारं रक्त मोजतं. म्हणजे गाडी भरून नाक्यावरून निघाली तेव्हाची तपासणी. गल्लीबोळात माल किती उतरला, परत जाताना गाडीत किती उरला, हे नाक्यावरच्या माणसाला कळायचं नाही.

जांबोटी_आक्का

गुरुजी काय सोपं करून सांगितलात ओ. आमच्या मामंजींनाही असंच सहा महिने "रक्त कमी आहे, बीट खावा, खजूर खावा" म्हणून नुसतं चालू होतं. आतून जातंय म्हणून कुणाच्या ध्यानातच नाही.

ताई, पहिली कोलोनोस्कोपी फुकट का गेली? आमची पुढच्या महिन्यात आहे, म्हणून विचारालोय.

अनगोळकर

मी पोटविकारांच्या विभागात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका.

अँजिओडिस्प्लेसिया बहुतेक साठीनंतर दिसतो आणि मोठ्या आतड्यात सर्वांत जास्त सीकम आणि त्याच्या वरच्या उजव्या भागात. तो उजवीकडेच का, याचं बऱ्यापैकी पटणारं उत्तर स्कॉट बोली आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडलं. आतड्याच्या अस्तराखालून निघालेल्या शिरा बाहेर पडताना स्नायूच्या थरातून जातात. आतडं फुगलं किंवा आवळलं की त्या शिरा दाबल्या जातात. धमनीतला दाब जास्त असल्याने रक्त आत येत राहतं, शिरेतून मात्र बाहेर पडायला अडतं. असं वर्षानुवर्षं झालं की शिरा फुगतात, मग त्यामागच्या केशवाहिन्या, आणि शेवटी केशवाहिनीच्या तोंडाशी असलेली झडपेसारखी स्नायूची कडी सैल पडते. धमनी आणि शीर थेट जोडली जाते. पडद्यावर दिसला तो कुंकवाचा डाग म्हणजे ही जोडणी.

आता सीकमच का? नळी जितकी रुंद तितका तिच्या भिंतीवर ताण जास्त, हा लाप्लासचा नियम. मोठ्या आतड्यात सीकम सर्वांत रुंद.

ऑक्सिजनचा विचार यात पुढे जोडला जातो. रक्त तुंबलं की त्या अस्तराला ताजं रक्त कमी. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्यांच्यात हिफ नावाचं प्रथिन साठतं आणि ते "नव्या वाहिन्या काढा" असा हुकूम सोडतं. पेशी ऑक्सिजनची उणीव ओळखतात कशा, या शोधालाच २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्या हुकमाने व्हीईजीएफ नावाचं द्रव्य वाढतं आणि घाईघाईत उगवलेल्या वाहिन्या कच्च्या भिंतीच्या असतात. म्हणून संशोधकांचा साधा, सरळ प्रश्न असा: ज्यांच्या आतड्यात असे डाग आहेत, त्यांच्या बाकीच्या, निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही ऑक्सिजन इतरांपेक्षा कमी असतो का?

तांबड्यापेशी

लॅबमध्ये २० वर्षं काढलीत, म्हणून एक शंका. अनगोळकर, मोठ्या आतड्याला रक्त मुळात कमी पोचतं ती जागा डावीकडे, प्लीहेजवळच्या वळणावर ना? वरच्या आणि खालच्या धमनीच्या हद्दी जिथे मिळतात तिथे. रक्त कमी पडल्याने आतडं सुजतं तेही बहुधा तिथेच. मग ऑक्सिजनची उणीव हेच कारण असेल तर डाग त्या वळणावर जास्त दिसायला हवेत. ते तर उजवीकडे.

अनगोळकर

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. त्या वळणावर अडचण येते ती रक्त *येण्याची*, आणि ती बहुतेक अचानक येते. बोलींच्या मांडणीत अडचण रक्त *जाण्याची* आहे, थोडी थोडी, रोजची, अनेक वर्षांची. दोन्हींत अस्तर उपाशी राहतं, पण उपासाची तऱ्हा वेगळी. एका दिवसात पाणी तुटलं तर पीक वाळतं, शेतात पाणी साचून राहिलं तर मुळं कुजतात.

शिवाय उलटीही शक्यता राहते. डाग आधी झाला, त्यातून रक्त गेलं, हिमोग्लोबिन उतरलं आणि *त्यामुळे* अस्तरातला ऑक्सिजन उतरला, असंही असू शकतं. गाड्या कमी झाल्या की गल्लीतली माणसं प्रत्येक गाडीतून जास्त माल उतरवून घेतात, परतीच्या गाड्या रिकाम्या दिसतात. त्यामुळे ज्याचं हिमोग्लोबिन ७ आहे त्याची तुलना १४ वाल्याशी करून "बघा, ऑक्सिजन कमी!" म्हणणं चुकीचं ठरेल. म्हणूनच मोजायला पाहिजे, आणि जपून मोजायला पाहिजे.

चंदगडी

मी चंदगडचा, पण दवाखान्याला आमचं बेळगावच. आईला महाधमनीची झडप आकसल्याचं निदान झालंय आणि तिचंही रक्त वारंवार कमी होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं, "संडास काळी होते का?" तेव्हा हृदयाचा आणि संडासचा काय संबंध म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. याचा या धाग्याशी संबंध आहे का?

अनगोळकर

चंदगडी, थेट संबंध आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी विचारलं हे फार बरं केलं. १९५८ मध्ये एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी एक छोटं पत्र छापलं होतं, की महाधमनीची झडप आकसलेल्या काही रुग्णांच्या पोटातून रक्त जातं आणि कारण सापडत नाही. आज त्याला हाइड सिंड्रोम म्हणतात. कारण पुढे उलगडलं. रक्त गोठायला मदत करणारं व्हॉन विलब्रँड नावाचं लांबलचक प्रथिन असतं. आकसलेल्या झडपेतून रक्त जोराने घुसताना ते ताणलं जातं आणि त्याचे मोठे धागे तुटतात. आतड्यात नाजूक वाहिनी असेल तर तिथलं रक्त मग थांबत नाही. झडप बदलल्यावर अनेकांचं रक्त जायचं थांबतं किंवा कमी होतं.

मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांतही आतड्यातल्या या डागांतून रक्त जाण्याचा त्रास जास्त दिसतो. आईच्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. हृदयाची फाइल वेगळी आणि पोटाची वेगळी, असं अजिबात ठेवू नका.

मार्कंडेयकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आक्कांच्या प्रश्नाकडे, कारण ती गोष्ट मला अजून बोचते.

दवाखान्याचं नाव घेत नाही. तयारीचा छापील कागद एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. अण्णांना कन्नड बोलता येतं, फौंड्रीत अर्धी माणसं बैलहोंगल, गोकाककडची होती. पण शाळा मराठी, वाचता येत नाही. मी त्या आठवड्यात पुण्याला होते. अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि तोंडी जेवढं लक्षात राहिलं तेवढं पाळलं. औषधाचं पाणी प्यायचं, उपाशी यायचं.

आदल्या दुपारपर्यंत जोंधळ्याची भाकरी आणि कारळ्याची चटणी. लोहाची गोळीसुद्धा त्या सकाळपर्यंत चालू. आत दुर्बीण गेली तेव्हा सगळीकडे काळपट चिकट थर आणि त्यात कारळ्याचे बारीक काळे दाणे भिंतीला चिकटलेले. धुऊन धुऊन थकले, सीकमपर्यंत नीट दिसेना. परत तीन आठवड्यांनी या. त्या तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन पुन्हा ७.१ वर आलं आणि आणखी एक पिशवी लागली.

चूक कोणा एकाची म्हणत नाही. पण ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्या हातात तो देऊन "सगळं लिहिलंय" म्हटलं, तर काही सांगितलं असं होत नाही. इथे सीमेवर हे रोज घडतं. कन्नड शाळेत शिकलेली बाई मिरजेला गेली तर तिचंही असंच होत असणार.

हुक्केरीकर

ताई, माझी मातृभाषा कन्नड, मराठी सासरची. तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. माझ्या आईला मिरजेत नेलं होतं तेव्हा मी शेजारी बसून प्रत्येक ओळ कन्नडमध्ये सांगत होते. मी नसते तर? तो कन्नड कागद इथे टाका, मी मराठी करून देते.

एक आठवलं म्हणून लिहिते. कन्नडमध्ये आतड्याला करुळु म्हणतात, आणि "तायी करुळु" म्हणजे आईची माया. तुम्ही मराठीत "आतडं तुटतं" म्हणता तेच की. वडिलांसाठी एवढी धडपड करालात, त्यावरून आठवलं.

निपाणीचे_गुरुजी

हुक्केरीकर ताई, फार छान.

मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न राहिला, आतड्यात ऑक्सिजन मोजतात कसा. मी थोडं वाचलं. भौतिकशास्त्राचा माणूस असल्याने मला तर त्यात आनंदच झाला.

रात्री विजेरीवर बोट धरा. बोट लाल दिसतं, कारण लाल प्रकाश मांसातून आरपार येतो, हिरवा-निळा आतच शोषला जातो. बोटावरचं ऑक्सिमीटर म्हणूनच ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त प्रकाश वापरतं. आतड्यात मात्र उलट पाहिजे. आपल्याला हवं आहे ते फक्त वरचं पातळ अस्तर, खोलवर जायचंच नाही. म्हणून तिथे साधा पांढरा दृश्य प्रकाश वापरतात. काचतंतूची बारीक सळई दुर्बिणीच्या पोकळीतून आत घालतात, ती अस्तरावर उजेड टाकते आणि परत आलेला उजेड यंत्र रंगारंगांत फोडून बघतं.

ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या जवळ प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. आलेख काढला तर दोन डोंगर आणि मध्ये खिंड. ऑक्सिजन सोडला की खिंड बुजते आणि ५५५ च्या आसपास एकच डोंगर उरतो. खिंड किती खोल, यावरून ऑक्सिजन किती ते कळतं. शिरेतलं रक्त काळपट का दिसतं, त्याचं उत्तरही हेच.

हा आकडा ९८ येत नाही, यायलाही नको. बारीक केशवाहिन्यांतलं, माल उतरत असतानाचं रक्त मोजतोय आपण. निरोगी मोठ्या आतड्याच्या अस्तरावर तो सत्तरीच्या आसपास असतो. म्हणजे ताई, सत्तर बघून कुणी घाबरायचं नाही!

मार्कंडेयकाठ

गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. खिंडीपर्यंत ऐकलं आणि मला थांबवून म्हणाले, "म्हणजे भट्टीत डोकावून ताव बघायचा तसं."

फौंड्रीत त्यांचं कामच ते होतं. पुढे मोजायची यंत्रं आली, पण सुरुवातीची वर्षं रसाचा रंग बघून ओतायची वेळ सांगायची. लालसर असला तर साचा भरायच्या आधीच गोठणार, पांढुरका झाला तर जास्त तापला. ३४ वर्षं हा माणूस रंगावरून आतलं ओळखत आला आणि आम्ही सगळी त्याचा उतरलेला रंग रोज बघूनही ओळखू शकलो नाही. माझ्या घशाशी आलं.

मग त्यांनी विचारलेला प्रश्न जसाच्या तसा देते. "वर मळी आली की रसाचा रंग चुकतो. ती बाजूला सारून बघावं लागतं. आतड्यात घाण असली तर ह्यांचा आकडा चुकणार नाही का?"

अनगोळकर

अण्णांना माझा नमस्कार सांगा. या मोजणीतली पहिली अडचण त्यांनी घरी बसून सांगितली. होय, चुकतो. मळ आणि पित्त दोन्ही प्रकाश शोषतात, म्हणून ती जागा पाण्याने स्वच्छ धुऊन मगच सळई धरावी लागते. तुमच्या कारळ्याच्या चटणीने त्या दिवशी डोळ्यांना काही दिसू दिलं नाही, या यंत्रालाही दिसू दिलं नसतं.

आणखीही सांभाळायच्या गोष्टी आहेत. सळई अस्तरावर दाबून धरली तर केशवाहिन्या चेपतात आणि आकडा खोटाच उतरतो. दुर्बिणीतून हवा जास्त भरली तर आतडं ताणलं जातं, भिंतीतला रक्तप्रवाह कमी होतो, पुन्हा आकडा उतरतो. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरला तरी तेच. नाकाला ऑक्सिजन लावला असेल तर वेगळा हिशेब.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे मोजायचं कुठे. थेट लाल डागावर सळई ठेवली तर आकडा वर जाण्याची शक्यता जास्त, कारण तिथे धमनीचं ताजं रक्त गल्लीत न शिरता थेट शिरेकडे वळतंय. भरलेल्या गाड्या माल न उतरवता बायपासने परत चालल्यात. यंत्र म्हणेल भरपूर ऑक्सिजन आहे, आणि शेजारचं अस्तर उपाशी असेल. म्हणून डागाच्या शेजारी, डागापासून लांब, आणि डाव्या बाजूच्या आतड्यातही मोजून ताडून बघायला हवं. सोबत डाग नसलेल्या त्याच वयाच्या माणसांचे आकडे हवेत, आणि प्रत्येकाचं हिमोग्लोबिन बाजूला लिहिलेलं हवं.

हे तंत्र कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या मंडळींनी एंडोस्कोपीत आणलं. पुढे नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी ते पोटाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांसाठी वापरलं. जेवल्यावर पोटात कळ येते, माणूस जेवणाला घाबरून वाळत जातो, अशा रुग्णांत जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला ते मोजतात. अँजिओडिस्प्लेसियात मात्र हे संशोधनाचं साधन आहे, उपचाराचं नाही. मार्कंडेयताई, अण्णांना आज याची गरज नाही. त्यांना गरज आहे ती लोह भरून काढायची, हिमोग्लोबिन ठरल्या वेळी तपासायची, आणि पुन्हा उतरलं तर लगेच दाखवायची, कारण हे डाग नव्या ठिकाणी होऊ शकतात, लहान आतड्यातही. तिथे मग कॅप्सूलचा कॅमेरा गिळून बघावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका.

तांबड्यापेशी

शंका मागे घेतो, आणि बायपासवाला मुद्दा वहीत लिहून ठेवतो.

व्हीईजीएफचं नाव आलं म्हणून जोडतो. वारंवार रक्त जाणाऱ्या लहान आतड्यातल्या डागांवर थॅलिडोमाइडचा मोठा अभ्यास चीनमध्ये झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्यांत रक्त जाण्याचे प्रसंग कमी झाले. हे औषध नव्या वाहिन्या उगवू देत नाही, म्हणजे ऑक्सिजन, हिफ, व्हीईजीएफ ही साखळी नुसती कागदावरची नाही. पण हेच ते औषध ज्याने १९६० च्या सुमाराला हजारो बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली, आणि मज्जातंतूंवरही त्याचा परिणाम होतो. तेव्हा नाव वाचून कुणी मेडिकलमध्ये विचारायला जाऊ नये, ही विनंती.

आणखी एक. आपल्याकडे कुठेही, कुणीही असा अभ्यास करायला आला आणि "दुर्बीण घालतोच आहोत, एक मोजमाप जास्त घेऊ का" म्हणाला, तर घाबरू नका आणि नुसती सहीही करू नका. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नीतिनियमावली सांगते की संमतीची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यायची, नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडता कामा नये, आणि मध्येच माघार घेता येते. बेळगावात मराठी माणसाने मराठीत कागद मागणं हे भांडण नाही, नियमातच आहे. तयारीच्या कागदालाही तोच न्याय लागला पाहिजे.

जांबोटी_आक्का

मग तो तयारीचा कागद मराठीत कोण देणार? आमची तारीख जवळ आली.

मार्कंडेयकाठ

आक्का, हुक्केरीकर ताईंनी भाषांतर करून दिलं, आमच्या डॉक्टरांकडून एक एक ओळ तपासून घेतली, अनगोळकरांनीही नजर घातली. इथे देते. मामंजींच्या गोळ्यांप्रमाणे तुमचे डॉक्टर बदल सांगतील, ते आधी.

लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तशी साधारण आठवडाभर आधी बंद. संडास काळी करते आणि भिंतीला चिकटते. रक्त पातळ करायची गोळी आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन यांचं मात्र विचारूनच. दोन-तीन दिवस आधीपासून जोंधळ्याची-नाचणीची भाकरी नको, पालेभाजी, कच्ची कोशिंबीर, उसळ नको. बियांचं काही नको, आणि बिया म्हणजे फक्त पेरू-टोमॅटो नव्हे. कारळं, तीळ, जवस, खसखस, सगळं त्यातच येतं. मऊ भात, साध्या वरणाचं गाळलेलं पाणी, दही चालतं. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. ताक नको, ते आरपार नाही. आणि आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे कोकमाचं सार. पातळ आहे म्हणून पितात, पण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

औषधाचं पाणी दोन हप्त्यांत, एक आदल्या संध्याकाळी, एक त्या दिवशी पहाटे, शेवटचा घोट कधी घ्यायचा ती वेळ विचारून. अण्णांना पहिल्या वेळी मळमळलं, थंड करून दिल्यावर गेलं. शेवटी होणारी संडास पिवळसर पाण्यासारखी, तळ दिसेल अशी पाहिजे. तशी नसेल तर निघण्याआधी दवाखान्यात फोन करून सांगा, लपवू नका. घरात एकट्याला ठेवू नका, रात्री उठताना म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते.

चंदगडी

आईच्या दोन्ही फाइली एका पिशवीत घातल्या. पोटाच्या डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. ताई, तुमचा कागद मीही छापून घेतो.

मार्कंडेयकाठ

काल सहा आठवड्यांची तपासणी झाली. हिमोग्लोबिन १०.६. लोह शिरेतून दिलं होतं, त्याचा गुण दिसतोय. दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं आहे. अण्णा जिना न थांबता चढले. वर पोचल्यावर स्वतःच आरशासमोर जाऊन पापणी ओढून बघत होते.

मराठी कागदाच्या वीस प्रती काढून नेल्या होत्या. तयारी सांगणाऱ्या सिस्टर गोकाककडच्या, मराठी वाचता येत नाही त्यांना. मी ओळ न् ओळ वाचून दाखवली, त्या ऐकत होत्या. कारळ्यापाशी त्यांनी मला थांबवलं. "कारळं म्हणजे आमचं गुरेळ्ळु ना?" मी हो म्हटलं. त्यांनी आपला छापील कन्नड कागद पुढे ओढला, बियांच्या ओळीवर बोट फिरवलं. तिथे नुसतं "बिया असलेले पदार्थ" एवढंच होतं. पेन काढून त्यांनी शेजारी कन्नडमध्ये गुरेळ्ळु असं लिहिलं, मग गठ्ठ्यातला दुसरा कागद घेतला आणि त्यावरही लिहायला लागल्या.